पत्राची शेवटची ओळ

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन पानं तू त्या व्हॉइस मेसेजवर लिहिली आहेस. ‘आई, आजची भाजी फार खारट झालीय’ हे ऑफिसच्या ग्रुपवर गेलं, पुसेपर्यंत बऱ्याच जणांनी ऐकलं, आणि तेव्हापासून तू डबा जागेवरच खातेस. कळतं गं. नवीन नोकरीत असं काही झालं की कान किती तापतात, ते मला अजून आठवतं.

कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची तेव्हा मी दरवर्षी एक प्रयोग सांगायची. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००० साली छापून आलेला. एखाद्या विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालायला द्यायचा, त्या वयात लाज वाटावी असा, आणि इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं. त्याला वाटायचं, निम्म्या जणांनी तरी चित्र ओळखलं असेल. ओळखलेलं असायचं साधारण पाव जणांनी. तेव्हा भाजीचं सोड.

पण शेवटी तू एक ओळ लिहिली आहेस, तिथे मी अडले. ‘त्याच दिवशी एका नव्या मॅडमना मी पाणी आणायला सांगितलं, साध्या साडीत होत्या, शिपाई वाटल्या.’ बस. पुढे लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी.

मीही एकदा असंच केलं होतं. रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं. तळमजल्यावरच्या काकू आमचा डबा परत द्यायला नेमक्या तेव्हाच वर आल्या. काका जाऊन वर्ष झालं होतं. मी करंडा घेऊन ओळीने कुंकू लावत होते. त्यांच्यापुढे आले आणि हात थांबला. कुंकवाचं बोट तसंच अधांतरी. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काकू, तुम्हाला नुसता तिळगूळ हं.’ खोली गप्प झाली. त्यांनी तिळगूळ घेतला, डबा टेबलावर ठेवला आणि त्या गेल्या.

दोन रात्री मला झोप नाही. पण राणी, त्या दोन रात्री मी विचार करत होते तो माझाच. बायका काय म्हणाल्या असतील, मी कशी दिसले असेन. जिना उतरताना काकूंना काय वाटलं असेल, हे मनात यायला तिसरा दिवस उजाडला. मग खाली गेले. त्यांनी चहा टाकला, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, ‘हात थांबला ते समजलं गं. मोठ्याने कशाला सांगितलंस?’

ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून त्यांनी माझी सुटका केली असती, तर मी काहीच शिकले नसते. पुढच्या संक्रांतीला मी आधीच खाली जाऊन विचारलं, ‘काकू, लावू ना?’ त्यांनी कपाळ पुढे केलं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव केला. ती बातमी असलेला पेपर काकू स्वतः वर घेऊन आल्या होत्या.

म्हणून सांगते, सोमवारी त्या मॅडमकडे जा. ‘गैरसमज झाला’ असं म्हणू नकोस. ‘साडीवरून ठरवलं, चुकलं माझं’ असं म्हण. त्या रागावल्या तर ऐकून घे. आणि आणखी एक. त्या खरोखरच शिपाई असत्या, तर ज्या आवाजात तू पाणी मागितलंस तो आवाज त्यांना चालला असता का? याचं उत्तर मला नको, पण त्या दिवशीचं तुझं वाक्य एकदा मनात म्हणून बघ.

मॅडम काय म्हणाल्या ते कळव. चारनंतर मी घरीच असते.

तुझी,
मावशी