लाल माल

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालं की आडगाव, ओझर, कोकणगाव मागे टाकत तासाभरात पिंपळगाव बसवंत येतं. निफाड तालुका म्हटलं की लोकांना द्राक्षं आठवतात. पण पावसाळा सरत आला की हा रस्ता टोमॅटोचा होतो. पिकअप असो की ट्रॅक्टर, प्रत्येकावर प्लॅस्टिकच्या जाळ्यांची थप्पी. एका जाळीत 20 किलो माल.

माझ्या आपाचं सासर पिंपळगावपासून थोडं आत, मळ्यात आहे. 2023च्या सप्टेंबरात मी तिच्याकडे गेले. त्याआधी जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या पुढे गेला होता. आम्ही शहरातल्या बायका चिंच आणि दह्यावर सालन भागवत होतो. वाटलं होतं, आपाकडे यंदा बरकत असेल.

सकाळी तोडलेला माल दुपारी बाजार समितीत जातो. दुल्हेभाईंसोबत मीही गाडीत बसले. लिलावात व्यापारी जाळीतली दोन फळं दाबून बघतो, आकडा पुकारतो आणि पुढे जातो. तीन महिन्यांच्या राबण्याचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. त्या दिवशी आमच्या जाळीला 90 रुपये पुकारले, म्हणजे किलोला साडेचार. जुलैचा भाव बघून सगळ्यांनीच लागवड केली होती आणि सगळ्यांचाच माल एकदम आला होता.

परतताना दुल्हेभाईंनी हिशेब सांगितला. तोडणी, गाडीभाडं, हमाली वजा जाता जाळीमागे 30 रुपये हातात. रोपं, तार-बांबू, औषधं यांचे पैसे त्याच्याही बाहेर.

संध्याकाळी आपासोबत शेतात गेले, तर झाडांवर लालभडक टोमॅटो तसेच लटकलेले.

"हे का नाही तोडले?"

"लाल माल दूर जात नाही," आपा म्हणाली. "लांबच्या बाजाराला रंग धरता धरताच तोडावं लागतं, मग ते वाटेत पिकतं. झाडावर पिकलेलं वाटेत फुटतं. एवढ्यासाठी मजूर लावले तर मजुरीही निघत नाही. गावात सांगितलंय, हवं तेवढं न्या."

एक टोमॅटो तोडून तिथेच खाल्ला. शहरात आपण घेतो तो टोमॅटो बहुतेकदा प्रवासात लाल झालेला असतो. झाडावर पिकून गोड झालेला शेतातच राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

इस्राफ करू नये, हे आपण मुलांना ताटातल्या शितापासून शिकवतो. इथे तर अख्ख्या सऱ्या वाया जात होत्या आणि ज्याने पिकवलं त्याच्याकडे बोट दाखवण्याची सोय नव्हती. मी म्हटलं, "दोन जाळ्या मी नेते. सॉस करीन."

दुल्हेभाई हसले. "ने की. पण तुझ्या दोन जाळ्यांनी बाजार नाही हलणार."

खरंच होतं ते. निघताना त्यांचा खर्च निघेल असा भाव धरून पैसे आपाच्या हातात ठेवले. ती घेईना. "बहिणीकडून पैसे घेऊ?" मी म्हटलं, "पाहुणी म्हणून जेवले. हे गिऱ्हाईक म्हणून देतेय." तेव्हा कुठे घेतले.

40 किलो टोमॅटो घरच्या शेगडीवर कधी भाजून होणार? ईदच्या आधी आपण नानखटाईचं पीठ घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीत जातो, ते आठवलं. सकाळचे पाव निघाल्यावर भट्टी बराच वेळ तापलेली असते. बेकरीवाल्या चाचांनी होकार दिला, वर एक सल्लाही: "आमचे ट्रे लोखंडी आहेत. टोमॅटोच्या आंबटपणाने सॉसला लोखंडाची चव येईल. स्टीलच्या पराती आणा." शेजारच्या तिघी आपापल्या पराती घेऊन आल्या.

घरी करायचा असेल तर प्रमाण असं: पूर्ण पिकलेले टोमॅटो 2 किलो, मध्ये चिरून, कापलेली बाजू वर. सोबत 2 कांदे फोडी करून, लसणाच्या 10-12 पाकळ्या सालासकट, 4 चमचे तेल, 2 छोटे चमचे मीठ. ओव्हन 200 अंशांवर, पाऊण ते एक तास, कडा काळसर होईपर्यंत. ओव्हन नसेल तर वांग्याच्या भरतासारखे गॅसवर भाजा, नाहीतर जाड तव्यावर. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. भाजताना ते उडतं, गोडवा राहतो, म्हणून साखर लागत नाही. मग टोमॅटोची आणि लसणाची सालं काढून सगळं वाटा, काश्मिरी मिरचीपूड आणि 2 चमचे सिरका घालून दहा मिनिटं उकळा. आपल्या प्रेषितांना (स.) सिरका सालन म्हणून आवडायचा. साधारण पाऊण लिटर सॉस होतो.

एक खबरदारी. या सॉसमध्ये तेल-लसूण आहे, तो बरणीत भरून बाहेर फडताळात ठेवू नका. फ्रीजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये सहा महिने. फ्रीझरची बरणी काठोकाठ भरू नका, गोठताना सॉस फुगतो.

एका घराच्या फ्रीझरमध्ये मावणारा तो सॉस नव्हता. तिघी शेजारणी, बेकरीवाले चाचा, अम्मी आणि मी अशी वाटणी झाली. दोन बरण्या आपासाठी ठेवल्या.

रमजानमध्ये आपा-दुल्हेभाई इफ्तारला आले. समोशांसोबत तो सॉस ठेवला होता. दुल्हेभाईंनी चाखला, पुन्हा घेतला. "कुठला आणला?"

"तुमच्याच शेतातला. लाल माल."

ते काही बोलले नाहीत. जाताना आपाने मात्र बरण्यांसोबत कृतीचा कागदही मागून घेतला. आता भाव पडला की ती पाच-दहा किलो लाल माल घरीच भाजते. बाजार त्याने हलत नाही, हे दुल्हेभाई अजूनही सांगतात.

तरी एक गोष्ट आपल्या हातात आहे. टोमॅटो दहा रुपये किलो झाला की "आणखी कमी करा" म्हणू नका. उलट मऊ, लालबुंद, गाडीवाल्याने बाजूला काढलेले पाच किलो मागून घ्या, पूर्ण पैसे द्या आणि त्याच दिवशी भाजा.