‘मे’चा अनुवाद

कायद्याचा इंग्रजी मसुदा मराठीत आणणाऱ्या अनुवादकाला अवघड लॅटिन संज्ञांची फारशी धास्ती नसते. त्यांच्यासाठी परिभाषाकोश हाताशी असतो. त्याचा हात थबकतो तो ‘मे’ या इवल्या सहायक क्रियापदाशी. वर्गाच्या दारात उभे राहून ‘मे आय कम इन?’ विचारणाऱ्या मुलांना ते फक्त परवानगीचे वाटते. कायद्यात मात्र ते परवानगी देते, अधिकार देते, कधी नुसती शक्यता सांगते, आणि क्वचित कर्तव्यही लादते.

संविधानाचा अनुच्छेद 143 पाहावा. त्याच्या पहिल्या खंडानुसार राष्ट्रपती एखादा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे अभिप्रायासाठी पाठवू शकतात, आणि तिथे न्यायालयाच्या उत्तरासाठी क्रियापद आहे ‘मे’. दुसऱ्या खंडात, संस्थानांशी झालेल्या जुन्या करारांसारख्या वादांसाठी, त्याच जागी ‘शॅल’ येते. म्हणजे पहिल्या खंडाखाली उत्तर नाकारण्याची मोकळीक न्यायालयाला आहे. 1993 साली अयोध्येबाबत राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास न्यायालयाने 1994 मध्ये नकार दिला. दोन्ही खंडांत अनुवादकाने सरसकट ‘अभिप्राय कळवील’ असे लिहिले, तर ही मोकळीक मराठी वाचकापुरती नाहीशी होते.

उलटही घडते.

उत्तर प्रदेशातील एका शिस्तभंगविषयक नियमात म्हटले होते की राजपत्रित कर्मचाऱ्याने स्वतः मागणी केल्यास राज्यपाल त्याचे प्रकरण न्यायाधिकरणाकडे पाठवू शकतील. क्रियापद ‘मे’च. जोगेंद्र सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला: राज्यपालांना नकार देता येईल का? निकाल लिहिला न्या. प्रल्हाद गजेंद्रगडकर यांनी. ‘मे’चा अर्थ एरवी ‘केलेच पाहिजे’ असा होत नाही, पण संदर्भ तशी मागणी करत असेल तर होतो, हे त्यांनी स्पष्ट केले. प्रकरण पाठवायचे की नाही, हे ठरवण्याची मुभा राज्यपालांना आधीच्याच पोटनियमाने दिली होती. पुढचा पोटनियमही तेच सांगत असेल, तर तो हवाच कशाला? म्हणून इथे पाठवणे बंधनकारक ठरले.

मग अनुवादकाने अशा नियमात ‘पाठवावे’ लिहायचे का? मुळीच नाही. तो निवाडा न्यायालयाचा आहे. शब्दात दोन्ही अर्थांना वाव असेल, तर मराठीतही तो उरला पाहिजे. मराठी अधिनियमांत रुळलेली ‘राज्यपालांना पाठवता येईल’ ही रचना इथे फार उपयोगी पडते. ‘पाठवू शकतील’ म्हटले की लक्ष राज्यपालांच्या क्षमतेकडे जाते. ‘पाठवता येईल’मध्ये कायद्याने उघडलेली वाट दिसते, आणि त्या वाटेने जायलाच हवे का, हा प्रश्न वाचणाऱ्यासाठी खुला राहतो. ही रचना कोरडी वाटते म्हणून ती बदलण्याचा मोह अनुवादकाने टाळलेला बरा.

नकारात मात्र अधिक जपावे लागते. ‘मे नॉट’ म्हणजे मनाई, किंवा ‘कदाचित होणारही नाही’. एकटे वाक्य पाहून निवड करता येत नाही. म्हणून अनुवादक पुढची पोटकलमे आधी वाचतो. त्यांत त्या वाक्यातील कृतीबद्दल शिक्षा सांगितलेली असली, तर तो निःशंकपणे ‘करता येणार नाही’ असे लिहितो.