सारखीच गोळी, महाग पिस्तूल

कौंडण्यपूरला माझे मामू संत्र्याचा व्यापार करतात. बाग उभी असताना सौदा करायचा आणि तोड झाली की मजूर, हमाल, ट्रकवाला, बागवाला सगळ्यांना रोख मोजायची. रात्री-बेरात्री पैसे घेऊन मोटरसायकलवर आर्वीकडून नदी ओलांडून यायचं. २०१८ साली त्यांना .३२ बोरचा परवाना मिळाला. (उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंगही. वर्गात हे सांगितलं की मुलं खूश होतात.)

अर्ज केला तेव्हा मुमानी घाबरल्या होत्या. "आपल्या नावाच्या माणसाच्या घरात हत्यार असलं की लोक काय काय बोलतात!" पण चौकशीला आलेल्या जमादाराला शेजारच्या पाटलांनीच ओसरीवर बसवून चहा पाजला आणि मामूंबद्दल काय सांगायचं ते सांगितलं.

नंतर प्रश्न आला कोणतं घ्यायचं. ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळत नाही. परदेशातून आणायची बंदी ऐंशीच्या दशकापासून, त्यामुळे जुनं विलायती पिस्तूल कुणी विकायला काढलं तर किंमत कित्येक लाखांत जाते. उरली कानपूरच्या सरकारी कारखान्यांतली रिव्हॉल्व्हरं. आमच्याकडे सगळ्यालाच पिस्तूल म्हणतात, तर तसंच म्हणू. एक साधं पोलादी, सातशे ग्रॅमच्या आसपास. दुसरं 'निर्भीक', टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पाचशेच्या थोडं वर. दोन्हींत सहा गोळ्या, गोळी तीच. तरी निर्भीक बरंच महाग; २०१४ च्या जानेवारीत आलं तेव्हाच १ लाख २२ हजारांच्या घरात होतं.

ते दिल्लीच्या 'निर्भया'ची आठवण ठेवून बायकांसाठी काढलं होतं. दागिन्यांच्या डबीसारख्या मरून डबीत मिळायचं. मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्रम यांनी तेव्हा यावर कडक टीका केली होती, आणि मला ती पटते. रोज मजुरीला जाणारी बाई सव्वा लाख आणणार कुठून?

मामूंना मी हिशेब मांडून दाखवला. फरक दीडपावाचाही नाही. उलट हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त बसतो, नवख्याचा नेम त्यानेच चुकतो. वाचलेल्या पैशात अमरावतीला जाऊन सराव करा. मामू म्हणाले, "मास्तर, जड असलं तर दोन दिवस कमरेला लावीन, तिसऱ्या दिवशी कपाटात ठेवीन. कपाटाची किल्ली कुठे असते ते नातवंडांना माहीत आहे."

यावर मला बोलता आलं नाही. गोळी सारखी असली तरी माणूस पैसे मोजतो ते वस्तू दिवसभर कुठे राहणार याचे. पावसाळ्यात घामाने अन् ओलाव्याने गंज धरणार नाही, हाही टायटॅनियमचा फायदा. शिवाय परवान्यावर वाटेल तितकी शस्त्रं घेता येत नाहीत (२०१९ च्या दुरुस्तीने तीनावरून दोनच केली), म्हणून घेतलेलं आयुष्यभर वापरायचं असतं. त्यांनी महागच घेतलं. डबी मुमानींनी झुमक्यांसाठी घेतली.

आता पुढचं ऐका. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात. २०१९ मध्ये लोकसभेची मार्चमध्ये लागली, ऐन मृग बहाराच्या तोडीत. विधानसभेची सप्टेंबरात, आंबिया बहार सुरू होताना. म्हणजे खिशात रोकड असण्याच्या दोन्ही हंगामांत ते हलकं, महाग पिस्तूल ठाण्यात पडून होतं आणि मामूंच्या खिशात त्याची पावती. "पाचशे ग्रॅमपेक्षाही हलकी," मामू म्हणाले.

मुमानी मात्र त्या दिवसांत निवांत दिसत होत्या. मामूंनी काय केलं, तर रात्रीचा हिशेब बंद करून बागवाल्यांना सकाळी घरी बोलवायला सुरुवात केली. काहींनी कुरकुर केली, बरेच येऊ लागले. निवडणुका संपल्यावर पिस्तूल परत आलं, पण सकाळचा हिशेब त्यांनी तसाच चालू ठेवला आहे.