नाणे स्वतःहून हरवत नाही

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात प्रभू येशूने हरवलेल्यांचे तीन दाखले सांगितले आहेत. मेंढरू आणि उधळा पुत्र यांच्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकतो. मधल्या नाण्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मला तोच दाखला अधिक अस्वस्थ करतो. मेंढरू चरता चरता भरकटते, पुत्र आपल्या मर्जीने दूरदेशी जातो. परंतु नाणे स्वतःहून कुठेच जात नाही. ते कुणाच्या तरी हातून पडते, आणि तेही घरातच. म्हणून ती स्त्री नाण्याला बोल लावीत बसत नाही. ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत मन लावून शोधते.

हरवलेली माणसे म्हटले की देवळाकडे पाठ फिरवलेली माणसेच आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण कित्येकजण कुठेही गेलेले नसतात. ते आपल्या हातून निसटलेले असतात.

संत जोसेफ वाझ यांचे चरित्र वाचताना हा भेद मला प्रथम उमगला. त्यांचा जन्म १६५१ साली गोव्यातील बाणावलीचा. त्यांच्या बालपणीच श्रीलंकेच्या किनारपट्टीवर डचांची सत्ता आली. कॅथलिक उपासनेवर बंदी घालण्यात आली, धर्मगुरूंना देशाबाहेर घालवण्यात आले. मागे उरलेल्या श्रद्धावंतांनी श्रद्धा सोडली नव्हती. त्यांच्यापाशी येणारे कुणी राहिले नव्हते, इतकेच. वर्षांमागून वर्षे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू नाही.

१६८७ साली वाझ भिकाऱ्याच्या वेशात जाफन्याला पोहोचले. उघडपणे विचारपूस करणे धोक्याचे होते. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. जपमाळ ओळखणारे डोळे ते शोधीत होते. पुढे कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. १६९७ मध्ये तेथे देवीची साथ पसरली आणि लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली. १७११ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद बहाल केले.

या चरित्रातील पसरलेला हात मला विलक्षण वाटतो. शोधणारा दारी आला तो जाब विचारायला नव्हे, मूठभर भात मागायला. ‘इतके दिवस कुठे होता?’ हा प्रश्न त्याच्या ओठांवर नव्हता. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार खरे तर दाराआडच्या माणसांचा होता.

आमच्या वसईत आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला निघालेल्या धर्मगुरूंबरोबर मी एकदा एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर गेलो होतो. वाडीतले घर सुटल्यावर मुलाकडे राहायला आलेल्या आजीबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “फादर, मी कुठे गेले नाही हो. जिना तेवढा उतरवत नाही. दोन वर्षं माझी जागा रिकामी होती, कुणाला दिसली नाही?” फादर काही बोलले नाहीत. त्यांनी आजींचे हात हातात घेतले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

अशा रिकाम्या जागा प्रत्येक धर्मग्रामात आहेत. अंथरुणाला खिळलेले, आंतरधर्मीय विवाहानंतर संकोचलेले, व्यसनी मुलाच्या लाजेने तोंड लपवणारे आईबाप. कुटुंबभेटीला जाताना त्यांच्यासाठी हातात फॉर्म आणि ओठांवर उपदेश असू नये. आधी पेलाभर पाणी मागावे, मग ऐकत बसावे.

दाखल्याच्या मूळ ग्रीक वचनात एक सूक्ष्म फरक आहे. मेंढपाळ आपल्या मित्रांना हरवलेल्या मेंढराविषयी सांगतो. ती स्त्री मात्र शेजारणींना सांगते की, हे नाणे तिनेच हरवले होते. ते कबूल केल्याने तिचा आनंद तसूभरही उणावत नाही. उलट त्या कबुलीनेच ती घरभर दिवा घेऊन फिरली असावी.