लिलोची चार अक्षरं

घोटावडे या आमच्या गावात आमच्या पिढीकडे लिनक्स आलं ते पीसी क्वेस्ट मासिकासोबतच्या सीडीतून. विंडोजच्या शेजारी ते बसवायचं, आणि पुढे कधी विंडोज नव्याने टाकलं की लिनक्स गायब! डेटा जागच्या जागी असायचा, फक्त आत शिरायची वाट पुसलेली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये बूट लोडरच्या वाट्याला ४४६ बाइट यायचे, आणि विंडोज तिथे खुशाल स्वतःचा कोड लिहून टाकायचं.

आता जुन्या बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयमुळे दोघांचे लोडर वेगळ्या पार्टिशनवर आपापल्या फोल्डरमध्ये असतात. विंडोजने सुरू होण्याचा क्रम बदललाच, तर तो परत लावता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने अनेकांचं लिनक्स सिक्युअर बूटपाशी अडवलं, तेव्हाही उपाय फोनवर सापडला.

त्या काळी आमच्याकडे लिनक्सचा बूट लोडर होता लिलो. तो आपलं नाव एकेक अक्षराने पडद्यावर उमटवायचा आणि आम्ही श्वास रोखून बघायचो. नुसता ‘एल’ आला आणि पुढे आकडे, तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचताच आलेला नाही. ‘एल आय’वर थांबला, तर तो टप्पा मेमरीत आला पण चालला नाही, बहुधा डिस्कच्या मांडणीचा बायोसचा हिशेब वेगळा. चारही अक्षरं आली की हुश्श! कर्नल बदलल्यावर ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा चालवायची राहिली, तर मात्र पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. मग जपून ठेवलेली बूट फ्लॉपी काढायची, आणि तिच्यातच खराब सेक्टर निघायचा. तेवढ्यात वीजही जायची.

ते दिवस सोपे नव्हतेच. ज्याला माहितगार मित्र नव्हता, त्याने लिनक्सच सोडलं. मुलींना तर रात्री दुसऱ्याच्या घरी संगणकापुढे बसायची मुभाच नव्हती. आज गावातली एखादी मुलगी पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करते, हॉटस्पॉट लावते आणि कुणाचीही वाट न पाहता ग्रब हा आजचा बूट लोडर पुन्हा बसवते. याचा मला मनापासून आनंद आहे.

तरी फ्लॉपी खिशात घालून फाट्यावरून सायकलने येणारा मित्र, त्याच्यासाठी ठेवलेला चहा आणि अर्ध्या अक्षरावरून चाललेला वाद, हे सारं गेलं. लिलोचं कामही डिसेंबर २०१५ मध्ये थांबलं. आता चालू होताना पडद्यावर फक्त एक चिन्ह फिरतं. ग्रबच्या सेटिंगमधले ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द काढून ‘अपडेट-ग्रब’ चालवलं, की कर्नलच्या ओळी पुन्हा दिसू लागतात. शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हेच करायला लावतो.