मळ काढणारा

त्याचं कागदावरचं नाव लांबलचक आहे: लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट. प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘लास’ म्हणतात. घरात त्याला नावाने कुणीच ओळखत नाही, पण मोरीवरच्या पावडरीच्या पुड्यात तो असतोच. त्या पुड्यात त्याचा वाटा साधारण 10 ते 20 टक्के; बाकी सोडा, मीठ, भराव आणि वास. मळ काढण्याचं मुख्य काम मात्र त्याच्याच अंगावर.

अंगकाठी अगदी साधी. एक डोकं आणि दहा ते तेरा कार्बनची एक लांब शेपूट. डोक्याला पाण्याची ओढ, शेपटीला तेलाची. पाण्यात पडला की शेपूट कुठे लपवता येईल याचा शोध सुरू. कॉलरवरचा घामातेलाचा मळ भेटला की शेपूट त्यात खुपसायची आणि डोकं पाण्याकडे ठेवायचं. असे असंख्य जण जमून तेलाच्या कणाला वेढा घालतात आणि उचलून घेऊन जातात. विहिरीच्या जड पाण्यात साबण हरतो, त्याचा चिकट साका होतो. हा तिथेही डगमगत नाही. राबणाऱ्या बायकांच्या मनगटांना त्याने खरा आराम दिला आहे, आणि हे मी पहिल्यांदा सांगतो, कारण पुढे त्याच्याविषयी कडू बोलायचं आहे. तो सगळीकडे एकसारखाच वागतो. कॉलरवरचं तेल आणि जिवंत पेशीच्या पडद्यातली स्निग्धता यांत त्याला फरक कळत नाही. त्याचा गुण आणि त्याचा अपराध ही एकच गोष्ट आहे.

सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याच्या डोहावर वाकून निवळी पाहा. मधले आणि मागचे पाय फाकवून ती पाण्यावर उभी असते आणि प्रत्येक पायाखाली पाण्याला हलका खळगा पडलेला असतो. पायावरच्या बारीक लवेत हवा धरलेली, आणि खाली पाण्याचा पृष्ठभाग ताणलेला. शुद्ध पाण्याचा हा ताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. हा पाहुणा पुरेसा मिसळला की तो 30 च्या आसपास येतो. आता खळगा खोल होतो, लव भिजते, हवा सुटते आणि एक पाय आत जातो. मग दुसरा. जन्मभर ज्या पाण्यावर ती चालली, त्यातच ती बुडते. डासांची अळीही याच ताणाला नळी टेकून श्वास घेते, तीही मरते. पण तिच्यासोबत तिला खाणारे, पृष्ठभागाशी येऊन हवा घेणारे पाणकिडेही जातात, म्हणून यात समाधान मानण्यासारखं काही नाही.

माशाच्या बाबतीत तो आणखी आत शिरतो. कल्ल्याचं झाकण उचललं तर लालभडक तंतूंच्या रांगा दिसतात आणि प्रत्येक तंतूवर भिंगाखाली दिसतील अशा नाजूक पातळ पापुद्र्यांच्या ओळी. पाणी आणि रक्त यांच्यामध्ये तिथे इतकी पातळ कातडी असते की ऑक्सिजन सहज पलीकडे जातो. लास आला की मासा आधी बचावासाठी जास्त बुळबुळीत स्राव सोडतो. मग कातडीच्या पेशी सुजतात आणि खालच्या रक्तवाहिन्यांपासून सुटून वर येतात. अंतर वाढतं. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो आणि पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतो. लिटरमागे काही मिलिग्रॅम लास असला तरी गोड्या पाण्यातल्या कित्येक जातींचे निम्मे मासे चार दिवसांत मरतात. शेपूट जितकी लांब, तितका तो जहाल. त्याहून कमी मात्रेत मासा जगतो, पण अंडी आणि पिल्लं सोसत नाहीत.

आता एक साधा हिशेब. पंधरा लिटरची बादली, त्यात 50 ग्रॅम पावडर, पावडरीत 15 टक्के लास. म्हणजे बादलीत साडेसात ग्रॅम, लिटरला 500 मिलिग्रॅम. ही एक बादली लिटरला एक मिलिग्रॅमवर आणायची तर साडेसात हजार लिटर स्वच्छ पाणी हवं. श्रावणात ओढ्याला ते सहज जमतं. एप्रिलमध्ये तोच ओढा दगडांमधून करंगळीएवढ्या धारेने वाहत असतो, मासे उरलेल्या दोन-चार डोहांत गोळा झालेले असतात, आणि धुणं त्याच डोहांच्या काठी चालतं, कारण पाणीच तेवढं उरलेलं असतं.

त्याचं घराणं जुनं आहे. सगळ्यात वडीलधारा रिठा. त्यातलं सॅपोनिनही याच चालीचं, पाण्याशी आणि तेलाशी दोन्हीकडे सलगी ठेवणारं. झाडाचं म्हणून ते निरुपद्रवी, असं मात्र नाही. गेळफळ कुटून डोहात टाकायचं आणि धुंद झालेले मासे वेचायचे, ही रीत सॅपोनिनच्याच जोरावर चालत आली. फरक एवढाच की रिठा मूठभर असायचा आणि सणाच्या रेशमी वस्त्रांपुरता निघायचा.

त्याचा थोरला भाऊ फारच हेकट होता. त्याच्या शेपटीला फांद्या होत्या आणि जिवाणूंना त्या कुरतडता येत नसत. 1950 च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर त्याने फेसाचे डोंगर उभे केले. पश्चिम जर्मनीने 1961 साली कायदा केला, तो 1964 पासून लागू झाला. अमेरिकेतल्या उत्पादकांनी 1965 पर्यंत त्याला निवृत्त केलं. त्याच्या जागी सरळ शेपटीचा हा धाकटा आला. आपल्याकडे सर्फ 1959 साली आणि निरमा 1969 साली बाजारात आली, आणि पावडर हळूहळू गावोगावच्या मोरीत पोचली.

चुलत भावंडांतलं एक नाव सांगायलाच हवं: नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट. हा अर्धवट कुजतो आणि मागे उरलेलं नॉनिलफिनॉल माशांच्या शरीरात स्त्रीसंप्रेरकाची नक्कल करतं. यॉर्कशरमधल्या एअर नदीत, लोकर धुणाऱ्या गिरण्यांच्या खालच्या बाजूला, नर ट्राउटच्या रक्तात अंड्याच्या बलकासाठी लागणारं प्रथिन सापडलं. युरोपीय संघाने 2005 पासून या रसायनाच्या वापरावर कडक बंधनं घातली. शेतकऱ्यांना हे घराणं वेगळ्या नावाने ठाऊक आहे: स्टिकर. फवारा पानावर पसरावा म्हणून पंपात टाकतात तो. काही तणनाशकांत मुळातच मिसळलेला असा एक सोबती बेडकांच्या पिल्लांना तणनाशकापेक्षाही घातक ठरला आहे.

आता धाकट्याची खरी परीक्षा. त्याला चांगलं वागायला लावणारी एकच गोष्ट आहे, हवा. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असला की जिवाणू त्याच्या शेपटीच्या टोकाला पहिला चावा घेतात, मग दोन-दोन कार्बनचे तुकडे तोडत पुढे सरकतात. पहिल्या चाव्यातच त्याचा बहुतेक जहालपणा संपतो. नीट चालवलेल्या, हवा भरणाऱ्या सांडपाणी केंद्रात तो जवळजवळ सगळा नष्ट होतो. ऑक्सिजन नसेल तर मात्र तो तसाच पडून राहतो, गाळाला चिकटून बसतो. आणि वाईट भाग असा की पृष्ठभागावर त्याची गर्दी झाली की हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरण्याचा वेगही मंदावतो. ज्या श्वासाने तो संपला असता, तोच श्वास तो ओढ्याचा कमी करतो. त्यात कच्चं सांडपाणी आलं की उरलासुरला ऑक्सिजनही तिथेच खर्च होतो. मग दगडांखालच्या, भरपूर हवा लागणाऱ्या मेफ्लायच्या अळ्या दिसेनाशा होतात आणि गाळात लाल रक्तकृमींची वळवळ तेवढी उरते.

इंद्रायणीवर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावून देहू, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते. वाढत्या गावांचं आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूचं सांडपाणी वाटेत तिच्यात उतरतं. आळंदीच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की हवा कोंडते आणि पांढरे ढीग तरंगत घाटाला लागतात. वारकरी त्याच पाण्यात उभे राहून ओंजळीने तीर्थ घेतात. ते चित्र वर्तमानपत्रात पुन्हा पुन्हा छापून येतं आणि मला प्रत्येक वेळी राग येतो. इतक्या श्रद्धेने घेतलेल्या पाण्याची इतकी हेळसांड व्हायला नको होती.

पण फेसावरून त्याची पारख करण्यात धोका आहे. पहिल्या पावसानंतर घाटातल्या ओढ्यांवर कुजलेल्या पानांचाही फेस येतो, तपकिरी आणि मातीच्या वासाचा, तो निसर्गाचाच. उलट संथ डोहात लास असूनही फेस नसतो. त्याला पकडायला निळ्या रंगाची परीक्षा लागते. नमुन्यात मिथिलिन ब्लू आणि क्लोरोफॉर्म घालून हलवतात. एरवी तो रंग पाण्यातच राहतो. लास असला तर दोघांची जोडी जमून तळाच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरते, आणि खालचा स्वच्छ थर निळा होतो. जितका गडद, तितका तो जास्त. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर एक मिलिग्रॅम.

ओढ्याकाठच्या वस्तीला सांडपाणी केंद्राची वाट पाहत बसायची गरज नाही. धुण्याचा दगड पाण्यातून काढून काठापासून पन्नासएक पावलं मागे न्यायचा आणि पाणी ओढ्यात परत न सोडता मातीत मुरवायचं. वरच्या वीतभर मातीत हवाही असते आणि जिवाणूही. तिथे तो काही आठवड्यांत बराचसा संपतो. शोषखड्डा करायचा तर उथळ आणि पसरट करावा, खाली मुरूम आणि वाळू भरून. पुरुषभर खोल खणलेल्या खड्ड्यात हवा पोचत नाही आणि विहीर जवळ असेल तर तो झिरपत तिच्यात उतरतो.