इंदुरात एक दिवस

आमच्या वाणिज्य शाखेची सहल यंदा इंदूरला गेली. बेळगावहून निघताना कन्नड विभागातल्या मित्राला मी ऐटीत म्हटले, "इंदूर म्हणजे आमच्या होळकरांचे शहर. तिथे तू माझ्या मागून फिरायचे." तो नुसता हसला.

सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही राजवाडा पाहिला. सात मजली प्रवेशद्वार. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत वाड्याचा बराच भाग जळाला, तो पुढे पुन्हा उभारला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. तेथून रेसिडेन्सी भागात गेलो, तर गावच बदलल्यासारखे वाटले. १८१७ साली महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, १८१८ साली मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांचा रेसिडेंट इंदुरात येऊन बसला. १ जुलै १८५७ रोजी सादत खानाने याच रेसिडेन्सीवर हल्ला चढवला होता. १९०४ चा गांधी हॉल पूर्वी किंग एडवर्डच्या नावाचा होता. लालबागेचे फाटक तर बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर केलेले! राज्य होळकरांचे, डौल विलायतेचा.

दुपारी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी एक आजी भेटल्या. आमचे बोलणे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "कुठले रे बाळांनो तुम्ही?" त्यांचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत आले आणि इथलेच झाले. नातवंडे आता घरातही हिंदी बोलतात, असे त्या म्हणाल्या. मी सराफ्याची वाट विचारली. "सीधं जा, मग चौराह्यावर उजवीकडे मुडा."

'मुडा' ऐकून मला हसू फुटले. आजी क्षणभर थांबल्या आणि उरलेली वाट त्यांनी हिंदीत सांगितली.

थोडे पुढे गेल्यावर मित्र कन्नडमध्ये म्हणाला, "तू रोज 'काय करूलास' म्हणतोस, ते कुठल्या पुस्तकातले मराठी? मी कधी हसलो काय?" मी गप्प झालो. आमच्या मराठीत कन्नड मिसळली, तशी त्यांच्या मराठीत हिंदी. मी मराठी शाळेत शिकलो, त्यात माझे कर्तृत्व ते काय? शाळा घराजवळ होती, इतकेच. आजींनी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची भाषा घरच्या घरी जपली होती, आणि तिच्यात बोलायला कोणी भेटले म्हणून त्या आनंदल्या होत्या.

मी मागे वळून गेलो. आजी तिथे नव्हत्या.

रात्री सराफ्यात गेलो. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागतात. सगळ्यांनी भुट्ट्याचा कीस मिटक्या मारीत खाल्ला. मला काही तो गोड लागला नाही.

सहलीचा जमाखर्च माझ्याकडे होता. परत आल्यावर तो पैशापैशाने जुळला. त्या आजींचे देणे तेवढे माझ्या नावावर राहिले आहे.